एकट्यापुरतं मटण

"एका माणसाच्या पोटाला लागतंय किती? आँ? दोन भाकरी आन् वाटीभर कालवण! तेवढं म्या करू शकत न्हाय व्हय?"

लोहाऱ्याच्या स्टँडवर, पुण्याच्या एस.टी.च्या खिडकीखाली उभं राहून धुळाप्पानं हे विचारलं होतं. विचारलं बायकोला, पण ऐकू गेलं अख्ख्या गाडीला! खिडकीत सिताबाई बसली होती. लेक दीपाली पुण्यात बाळंत झालेली, तिच्या उस्तवारीला ती निघाली होती. पण मागं नवरा एकटा राहणार म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही, तो म्हणे आता स्वयंपाक करणार!

तशी नुसत्या उपासमारीची भीती नव्हती. पोरगा बालाजी पुण्यातच नोकरीला, आणि बाळंतीण दीपालीही त्याच्याच घरी. "आप्पा, रिटायर झालात, आता सास्तूरच्या घराला कुलूप लावा आन् दोघंबी इकडं या," हे त्याचं जुनं पालुपद. या वेळी तर त्यानं फोनवर दमच भरला होता.

"ऱ्हावा एकटं, बघा जमतंय का! पर खाण्यापिण्याचे हाल झाले असं एकदा जरी माज्या कानावर आलं, तर गाडी घिऊन येईन आन् तुमाला उचलून आणीन. मग कायमचं पुण्यात!"

पुण्याचा धुळाप्पानं धसकाच घेतला होता. एकदाच तो पोराकडं राहायला गेला होता. तिथल्या गेटवरच्या वॉचमननं त्याला विचारलं, "कुठे जायचंय?" खाली पान खायला आला आणि परत वर निघाला, तर पुन्हा, "कुठे जायचंय?" आता धुळाप्पा कोण? तर सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेला माणूस! हा प्रश्न दुनियेला त्यानं विचारायचा, आणि म्हातारपणी कुणीतरी तो त्यालाच विचारावा! तो परत खाली म्हणून उतरला नाही. तेव्हा हे घर, ही गल्ली सोडून पुण्याला जायचं म्हणजे त्याला मरणच होतं, आणि ते टाळायचं तर एकट्यानं नीट जेवून दाखवणं भाग होतं.

शेजारी काही वाईट नव्हते. समोरच्या घरातली तारामती पहिल्याच दिवशी ओट्यावरून म्हणाली, "आप्पा, कशाला हात भाजून घेताव? आमच्यातच जेवत जावा की!"

दुसरा कुणी असता तर ताट घेऊनच गेला असता. धुळाप्पाला आधी संशय आला. ही बाई फुकट का जेवू घालते? हिला काय पाहिजे? संशय हा त्याच्या धंद्याचाच आजार होता. समोर माणूस दिसला की ह्याच्याकडं तिकीट नाही, असं त्याला आधी वाटायचं आणि मग ओळख लागायची. त्यानं तारामतीला तोंडावर सांगितलं, "माजं म्या बघतो." आणि बघायला लागला. सकाळी पिठलं, संध्याकाळी ठेचा, दुसऱ्या दिवशी ठेचा, मग पिठलं. भाकरीला हिंगोली जिल्ह्यापासून कर्नाटकापर्यंत सगळे नकाशे यायचे, पण पोट भरत होतं.

मग रविवार उगवला आणि धुळाप्पाच्या जिभेनं बंड केलं. पिशवी घेऊन तो गोरोबा खाटकाच्या दुकानावर गेला.

"गोरोबा, पाव किलो दे."

"पाव? आप्पा, मांजर पाळलंय का काय?" गोरोबानं हसत हसत पाटीतल्या तुकड्यांत हात घातला.

"थांब! ते कवाचं हाय?"

"आज सकाळचं."

"आन् बोकड हाय कशावरनं? म्हातारी शेळी असंल, न्हायतर मेंढी! आरं, आमच्या बापाचा जलम मेंढरांत गेलाय. तुकडं केल्यावर सगळंच बोकड आसतंय. शेपूट दाव!"

गोरोबानं गपचूप वर टांगलेल्या बोकडाकडं बोट केलं. शेपूट जागच्या जागी होतं.

"मग ह्याचंच दे."

"आप्पा, पाव किलोसाठी म्या ही अख्खी मांडी फोडू व्हय?"

"फोडूच नगंस! तू फोडणार, म्या तिकडं बघणार, आन् तवर तू खालचं वर करणार. अख्खी दे मला."

"अख्खी? आवं, सव्वादोन किलो भरंल! घरात कोण हाय खायाला?"

"तुला काय करायचंय? तोल!"

अशा रीतीनं पाव किलो मटणाला गेलेला माणूस अख्खी मांडी घेऊन घराकडं निघाला. पिशवी पाव किलोच्या बेतानं आणलेली, त्यामुळं मांडीचा निम्मा भाग पिशवीतून बाहेर! सास्तूरची ही गल्ली भूकंपानंतर नव्यानं आखलेली, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. एका टोकाला माणूस शिंकला तर दुसऱ्या टोकाला दिसतो. धुळाप्पा आणि त्याची मांडी दोन्ही साऱ्या गल्लीला दिसत होत्या.

"आप्पा, पाव्हणं येणार हायत व्हय?" तारामतीनं लसूण सोलता सोलता विचारलं.

"न्हाय."

"मग बालाजी येतोय?"

"न्हाय."

"मग येवढी मांडी?"

"मला!" म्हणून धुळाप्पानं दार लावून घेतलं.

दार लागलं, पण तारामतीच्या मनात नको ते शिरलं. बायको गावाला, माणूस एकटा, एरवी अर्धा कांदा उद्याला ठेवणारा, आणि आज अख्खी मांडी! डाळीत काहीतरी काळं होतंच होतं.

आत धुळाप्पा निराळ्याच पेचात होता. मांडी कापायची कशानं? विळी हाडाला लागत नव्हती. कुऱ्हाड होती, पण तिच्यावर इतका गंज होता की तीच धुऊन शिजवावी लागली असती. कोपऱ्यावरच्या ज्ञानोबानानांकडं सुरा होता, पण सुरा मागायचा म्हणजे नाना विचारणार, "काय बेत हाय?" आणि मग जेवायलाच बसणार! त्यापेक्षा अख्खी शिजवलेली बरी.

आता अख्खी मांडी मावेल असं भांडं घरात एकच निघालं, अंघोळीचं पाणी तापवायचा जर्मनचा हंडा! धुळाप्पानं तो घासला, अंगणातल्या चुलीवर चढवला आणि मांडी उभी आत सोडली. तरी नळीचं टोक बाहेर राहिलंच. झाकण बसेना, म्हणून वर परात पालथी घातली. खोबरं, कांदा भाजून वाटला आणि मग सिताबाईच्या बरणीतलं येसूर काढलं. घरचा मसाला तो, पण किती घालायचा? फोन करून विचारावं तर तिकडं बालाजी कान देऊन बसलेला. 'आप्पाला येसूर किती घालायचं ते माहीत नाही' एवढं त्याला गाडी काढायला पुरे होतं! धुळाप्पानं अंदाजानं मूठभर टाकलं. तिखटजाळ झालं. पाणी ओतलं, तर पांचट झालं. परत येसूर टाकलं. मग मीठ जास्त झालं, म्हणून परत पाणी. हे असं चाललं ते रस्सा हंड्याच्या गळ्याशी येईपर्यंत.

वास गल्लीभर सुटला. शेजारचा मल्लिनाथ लिंगायत, मटणाचा वाससुद्धा न चालणारा. त्यानं आधी खिडक्या लावून घेतल्या आणि मग राहवेना म्हणून कुंपणापाशी आला.

"आप्पा, आज काय जेवणावळ हाय का काय?"

"जेवणावळ कसली? एकट्यापुरतं मटण टाकलंय!"

मल्लिनाथनं त्या हंड्याकडं बघितलं, परातीकडं बघितलं, धुळाप्पाकडं बघितलं आणि घरात जाऊन दारही लावून घेतलं.

दुपारी धुळाप्पानं भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला आणि पहिल्याच घासाला त्याचे कान गरम झाले. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण काय चव! देवाशपथ, झकास झालं होतं! तो जेवला जेवला आणि पट्टा सैल करून पुन्हा जेवला. उठून हंड्यात बघितलं, तर काही कमी झालंय असं हंड्याला वाटतच नव्हतं.

सोमवारी न्याहारीला मटण. दुपारी मटण. फ्रिजचे सगळे कप्पे काढून टाकले तरी हंडा आत जाईना, म्हणून सकाळ-संध्याकाळ उकळी देत बसायचं. तेवढ्यात सिताबाईचा व्हिडिओ कॉल आला.

"जेवलाव का?"

"जेवलो की! मटण."

"काल बी मटणच म्हणत व्हताव की."

"व्हय, कालचंच."

"आन् उद्या?"

"बघू," धुळाप्पा म्हणाला आणि त्याची नजर हंड्याकडं गेली. सिताबाईच्या खांद्यामागून बालाजीचं तोंड वर आलं.

"आप्पा, तीन तीन दिवस मटण? त्ये बी शिळं? बीपीची गोळी घेताव का न्हाय? हे काय खरं दिसत न्हाय. म्या उद्याच्याला परत फोन करतो. उद्या बी मटणच आसलं, तर म्या निघालोच म्हणून समजा!"

फोन ठेवला आणि धुळाप्पाला घाम फुटला. उद्या सकाळच्या आत हंडा निम्म्यावर तरी आला पाहिजे! फेकून द्यावं तर मेंढपाळाच्या पोटी जन्मलेला माणूस मटण कसं फेकणार? आता एकच वाट उरली होती, आणि ती त्यानं आयुष्यात कधी धरली नव्हती. कुणाला तरी फुकट द्यायचं!

काळजावर दगड ठेवून त्यानं दोन स्टीलचे डबे काढले. एक तारामतीला, एक ज्ञानोबानानांना. मल्लिनाथचा प्रश्नच नव्हता. आता द्यायचंच आहे तर नीट द्यावं. प्रत्येक डब्यात त्यानं वर एक लिंबू चिरून ठेवलं, मटणावर पिळायला. हायवेच्या ढाब्यावर रश्श्यात तळलेली लाल मिरची खोवून देतात, तशी एकेक मिरची खोवली. झाकणं सैल होती, रस्सा सांडला असता, म्हणून सिताबाईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढून झाकणं करकचून बांधली. दोरा काळा होता. वेळ दिवेलागणीची होती. आणि त्या दिवशी अमावस्या आहे, हे धुळाप्पाच्या गावीही नव्हतं. रिटायर माणसाला वार कळत नाही, तिथं तिथी कोण बघतो!

त्यात भर म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडून हे पुण्याला कळू नये अशी त्याला धास्ती. तारामतीच्या दारात तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मागंपुढं बघितलं आणि हळूच म्हणाला, "घ्या. घरातल्या समद्यांनी खावा. आन् कुणाला बोलू नगा!" ज्ञानोबानानांच्या दारातही हेच, याच आवाजात.

पुढं काय झालं ते धुळाप्पाला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आपण कशाला अंधारात राहायचं! तारामतीनं दोरा सोडला, झाकण काढलं आणि डबा हातातून सुटता सुटता राहिला. चिरलेलं लिंबू! लाल मिरची! काळा दोरा! तेही अमावस्येच्या तिन्हीसांजेला, आणि देणारा कोण, तर ज्यानं जन्मात कुणाला चिमूटभर मीठ दिलं नाही तो! हे मटण नव्हे, हा उतारा! आपल्यावरची इडापिडा ओवाळून दुसऱ्याच्या घरात ढकलतोय! अख्खी मांडी कशाला आणली होती त्याचा तिला आत्ता उलगडा झाला. तिकडं ज्ञानोबानानांच्या घरात त्यांची बायको सारजाबाईही याच निकालावर आली होती. नानांचा पोरगा रणधीर तालमीतून भुकेजून आलेला. त्यानं डब्यात बोट घातलं, तर सारजाबाईनं त्याच्या हातावर उलथनं मारलं.

उतारा घरात ठेवता येत नाही आणि दारात टाकता येत नाही. त्याची जागा एकच, गल्लीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात ती तिकटी. उजाडायच्या आधी तारामती तिथं एक डबा रिकामा करून आली. तिच्यामागून रणधीर दुसरा घेऊन गेला, आणि लोक सांगतात की पोरगं रडत रडत गेलं.

मंगळवारी सकाळी धुळाप्पा दुधाला निघाला. तिकटीवर पाऊल टाकणार तेवढ्यात त्याला ते दिसलं आणि त्याचा पाय वरच्या वर राहिला. दोन उतारे! चिरलेली लिंबं, लाल मिरच्या, काळे दोरे आणि चाटून लख्ख केलेली हाडं! मटण कुत्र्यांनी कधीच संपवलं होतं आणि रस्सा मातीनं. आपलंच मटण ओळखायचं तरी कसं? धुळाप्पाच्या डोक्यात एकच आलं. आपल्याच गल्लीच्या तोंडावर! आणि गल्लीत एकटा कोण राहतंय? आपण!

तो दूध न घेताच माघारी फिरला. दारात बघतो तर त्याचे दोन्ही डबे कुणीतरी न बोलता ठेवून गेलेलं. आपल्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, मूठभर शेंगा घालतात, गुळाचा खडा घालतात. धुळाप्पानं झाकण काढलं. एका डब्यात कडुलिंबाचा पाला आणि हळदीची चिमूट! दुसऱ्यात खडे मीठ आणि पुन्हा पाला!

"आरं तिच्या!" धुळाप्पा ओरडला. "म्हंजी ह्येनीच केलं!"

त्याच्यातला कंडक्टर जागा झाला. आधी तो तारामतीच्या दारात गेला.

"काय तारामतीबाई, मटण खाल्लं का?"

"खाल्लं की आप्पा!" तिची नजर जमिनीवर.

"समद्यांनी?"

"समद्यांनी, समद्यांनी!"

"लई तिखट न्हवतं ना झालं?"

"न्हाय वो! अगदी बेताचं!"

बेताचं? ज्या रश्श्यानं कानांतून धूर निघाला तो बेताचा? विनातिकीट माणूस 'पास घरी राहिला' म्हणताना जसा बघतो, तशी ती बघत होती. धुळाप्पा तिथून ज्ञानोबानानांकडं गेला. नाना त्याला बघताच दोन पावलं मागं सरले.

"धुळाप्पा, खाल्लं, खाल्लं! लई झकास! तू तितंच थांब, आत येऊ नगंस."

"कुठं खाल्लं आपण?" आतून रणधीरचा आवाज आला, आणि त्यामागोमाग एक चापट.

धुळाप्पा घरी येऊन खाटेवर बसला. पोटात गुडगुडायला लागलं होतं. रविवारपासून नुसत्या येसरावर ठेवलेलं पोट दुसरं काय करणार! पण त्याला ते करणीचंच वाटलं. डावा डोळा लवला, तोही करणीनंच. त्याला खरोखर भीती वाटली, आणि भीती वाटली की माणसाला बायको आठवते. त्यानं सिताबाईला फोन लावला.

"म्या सांगतो त्ये कुणाला बोलू नगंस. आपल्या बाल्याला तर आजिबात न्हाय! माज्यावर कुणीतरी करणी केलीय. पोटात कालवतंय. आता म्या जगतो का न्हाय..."

पलीकडून बोलला तो बालाजी. तिकडं फोन स्पीकरवर होता.

"आप्पा, आमी निघालो!"

झालं! ज्याची भीती होती तेच त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावलं होतं. दिवसभर तो घरात नुसत्या येरझारा घालत होता. ओसरीतला खांब, अंगणातली चूल, सिताबाईनं लावलेला कढीपत्ता, सगळ्यांकडं त्यानं डोळे भरून बघून घेतलं. मग पेटीतून दोन सदरे काढले आणि पिशवीत भरले. ते भरताना त्याचे डोळे पाण्यानं भरून आले, हे सांगायला लाज कसली!

दिवस कलायच्या आत गाडी दारात आली. बालाजीनं उतरल्या उतरल्या पिशवी उचलून डिकीत टाकली. दीपालीला तिच्या सासूच्या हवाली करून सिताबाईही आली होती. गाडी दिसली म्हणून गल्ली जमली, आणि जमलेल्या गल्लीत तारामती दिसताच धुळाप्पाचा बांध फुटला.

"हीच! ह्या बाईनं तिकटीवर उतारा ठिवला माज्या नावाचा!"

"म्या?" तारामतीनं पदर खोचला. "तुमी आमच्या घरात उतारा दिला, तवा म्या तिकडं नेऊन टाकला! आन् वर माज्यावरच आळ?"

"म्या उतारा दिला? म्या मटण दिलं!"

"लिंबू, मिरची, काळा दोरा! असलं मटण आसतंय व्हय कुठं?"

ज्ञानोबानानाही पुढं सरसावले. आवाज वाढला. तेवढ्यात मल्लिनाथ कुंपणावरून म्हणाला, "गप बसा समदे! मी मटण खात न्हाय, म्हणून मला कुणी डबा दिला न्हाय आन् मला कुणाचं भ्या बी न्हाय. आप्पांनी ह्येनला डबे दिलेले मी बघितले. आन् पहाटं ह्येनीच ते तिकटीवर ओतलेले बी बघितले. आता आप्पा, खरं सांगा. लिंबू कशाला घातलं?"

"पिळून खायाला!"

"मिरची?"

"ढाब्यावर घालत्यात म्हणून!"

"आन् काळा दोरा?"

"झाकण ढिलं व्हतं!"

तारामतीचा पदर हळूच सुटला. ज्ञानोबानाना आकाशाकडं बघायला लागले. धुळाप्पाच्या डोक्यात उजेड पडायला मात्र जरा वेळ लागला, आणि पडला तेव्हा तो मटकन ओट्यावर बसला.

"म्हंजी माजं मटण... कुत्र्यांनी खाल्लं?"

सिताबाई सरळ अंगणात गेली. हंड्यावरची परात काढली. सकाळ-संध्याकाळ उकळ्या खाऊन रस्सा आटून दाट झाला होता, वर लालभडक तर्री आली होती, आणि मटण हाडापासून आपोआप सुटलं होतं. तिनं हंड्याखाली जाळ घातला, चांगली उकळी येऊ दिली, भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात घातला. अख्खी गल्ली श्वास रोखून बघत होती. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग मान वर करून नवऱ्याकडं रोखून बघितलं.

"कोण बाई आलती?"

"कोण बाई?"

"हे बाईच्या हातचं हाय. खरं सांगा!"

"देवाशपथ म्या केलंय! मल्लिनाथला इचार!"

"त्येनीच केलंय वैनी," मल्लिनाथ म्हणाला. "दोन दिवस आमच्या खिडक्या बंद हायत."

मग काय विचारता! आधी रणधीर ताट घेऊन आला, आईच्या परवानगीची वाटही न बघता. त्याच्यामागून ज्ञानोबानाना, मग तारामती भाकऱ्यांची चळत घेऊन. बालाजीनं दोनदा रस्सा मागून घेतला. बघता बघता हंड्याचा तळ दिसला. जो तो नाक पुसत होता आणि "काय झालंय, काय झालंय!" म्हणत होता. धुळाप्पाची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली.

"बघितलंस का बाल्या?" तो साऱ्या गल्लीदेखत गरजला. "हाल व्हय रं माजे? मला कुणाची गरज न्हाय! वर्षभर एकट्याला सोडा, असाच झकास ऱ्हाईन म्या!"

बालाजीनं डिकीतली पिशवी काढून ओसरीत आणून ठेवली. पुणं टळलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाप्पा आंघोळ करून बाहेर आला, तर सिताबाई नवी साडी नेसून गाडीत बसलेली.

"तू कुठं निघालीस?"

"पुण्याला. दुसरं कुठं?"

"आगं, पर आता बारसं झालं की येणारच व्हतीस की म्हागारी."

"तुमच्या जेवणाचा घोर व्हता म्हणून येणार व्हते. आता कसला घोर? माज्यापरीस झकास करताव तुमी! आता दीपालीचं समदं नीट बघते, बालाजीच्या पोरांच्या परीक्षा उरकते आन् उन्हाळा सरला की येते. बाल्या, चल रं!"

धुळाप्पानं तोंड उघडलं. 'नगं जाऊस' एवढंच म्हणायचं होतं. पण गल्ली ओट्यावर उभी होती. काल रात्री एवढं गर्जून झाल्यावर आता काय म्हणायचं? आणि गाडी वळताना सिताबाई पदर तोंडाला लावून हसत होती, असं त्याला स्पष्ट दिसलं. हिला मटण खरंच आवडलं होतं का? त्या तीन घासांत ही काहीतरी ठरवून तर बसली नव्हती? तारामतीचं, गोरोबाचं, सगळ्या दुनियेचं कपट ओळखणारा माणूस, आणि घरातल्या बाईचं एवढं साधं त्याला कळलं नव्हतं.

गाडीची धूळ खाली बसली. जो तो आपापल्या कामाला लागला. धुळाप्पाला घरात जाववेना. पोटातलं गुडगुडणं अजून थांबलं नव्हतं आणि मटणाचं नाव काढलं तरी आता अंगावर काटा येत होता. शेवटी तो कुंपणापाशी गेला, मागंपुढं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मल्लिनाथ, आज तुमच्यात काय केलंय?"

"वरण-भात. आन् वांग्याची भाजी."

"येऊ का मग जेवायला?"

मल्लिनाथनं हातातली बादली खाली ठेवली आणि धुळाप्पाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"का वो आप्पा?" त्यानं संशयानं विचारलं. "काय पायजे तुमाला?"